कुईकुई कुणाची?

"गाडीला काही झालेलं नाही रे. भिंतीतली ती नवी चिचुंद्रीच कुईकुई करते."

असं आजी म्हणाली. तात्यांच्या कानात म्हणाली. हळूच म्हणाली.

पण बादलीच्या मागे कोण होतं? चिचुंद्रीच होती. तिनं सगळं ऐकलं.

"ती आली घटस्थापनेला," आजी म्हणाली. "कुईकुई सुरू झाली घटस्थापनेला. तूच बघ आता."

गाडीसुद्धा घटस्थापनेलाच आली होती. पण गाडीला कोण बोलणार? गाडीला झेंडूची माळ होती.

तात्या आठ दिवस वैतागले होते.
आधी तात्या म्हणाले, "ऑइल कमी पडलं." ऑइल घातलं. गाडी म्हणाली, कुईं कुईं.
मग मिस्त्रीकाका म्हणाले, "बेअरिंग गेलं." ठक ठक ठोकून पाहिलं. गाडी म्हणाली, कुईं कुईं.
मग शेजारचे म्हणाले, "नजर लागली." लिंबू-मिरची बांधली. गाडी म्हणाली, कुईं कुईं.

आता राहिली चिचुंद्री.

तात्यांनी एक वीट उचलली. भिंतीतल्या भोकापाशी नेली. ठेवली. धप्प.

चिचुंद्रीचं दार बंद.

आत तिची कापसाची गादी होती. आत तिचा नवरासुद्धा होता. दुपारचा झोपला होता. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स. त्याला काही कळलंच नाही.

चिचुंद्री एकटी बाहेर राहिली. आणि दिवे लागले की कौलांवरून बोका खाली यायचा. रोज यायचा.

चिचुंद्री काही ओरडली नाही. नवीन होती ना. लग्न होऊन आठच दिवस झाले होते. ती सगळं बघायची. सगळं ऐकायची. लांब नाकानं सगळ्याचा वास घ्यायची. बोलायची मात्र अगदी हळू.

ती भिंतीच्या कडेकडेनं निघाली. तुरु तुरु तुरु. विटेपाशी आली.

"विटे, विटे, सरक ना.
माझं दार काही उघडेना."

वीट म्हणाली, "मी नाही सरकणार. मला तात्यांनी ठेवलंय. आधी तात्या ऐकू देत, मग मी सरकते."

भिंतीच्या कडेकडेनं, तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली तात्यांकडे. तात्या पायरीवर बसले होते. एका हातात किल्ली. एक हात कपाळावर.

"तात्या, तात्या, ऐका ना.
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

तात्या म्हणाले, "मी नाही ऐकणार. आधी गाडी गप्प बसू दे, मग मी वीट काढतो."

"ती कुईकुई माझी नाही," चिचुंद्री म्हणाली. पण इतकं हळू म्हणाली, इतकं हळू, की तात्यांना नुसतं चुक चुक ऐकू आलं.

"बघा," तात्या म्हणाले. "करतेच आहे."

तात्या उठले. गाडीत बसले. किल्ली फिरवली. घुर्रर्र. कुईं कुईं. तात्यांनी डोळे मिटले. किल्ली उलटी फिरवली. इंजिनाचं झाकण उघडलं. आत बघितलं. काही कळलं नाही. पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

भिंतीच्या कडेकडेनं, तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली गाडीकडे.

"गाडीबाई, गाडीबाई, गप्प बस ना.
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

गाडी म्हणाली, "मी कुठे बोलते? माझ्या पोटातला पट्टा बोलतो. मला काय कमी त्रास होतो? आधी पट्टा थांबू दे, मग मी गप्प बसते."

चिचुंद्री चाकावर चढली. चाकावरून पोटात शिरली. आत काळा पट्टा होता. गोल गोल, लांब लांब.

"पट्ट्या, पट्ट्या, थांब ना.
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

पट्टा म्हणाला, "मी नाही थांबणार. मी सारखा घसरतो. घसरलो की ओरडतो. तू घसरलीस तर ओरडणार नाहीस? आधी छोट्या चाकाचा चिकटा सुटू दे, मग मी थांबतो."

छोटं चाक शेजारीच होतं. पट्टा त्याच्यावरच ताणून बसला होता. चिचुंद्री तिथे सरकली. तिचा पाय चिकटला. तिनं ओढला. चट्ट.

"चाका, चाका, चिकटा सोड ना.
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

चाक म्हणालं, "मला काय हौस आहे? कुणीतरी माझ्यावर काहीतरी सांडलं. गोड गोड. मग वर धूळ बसली. मग वर पट्टा बसला. आठ दिवस झाले, कुणी पुसत नाही. आधी पाना उठू दे, पट्टा सैल करू दे, मग माझा चिकटा सुटेल."

चिचुंद्रीनं नाक पुढे केलं. हुं हुं. ओळखीचा वास. हुं हुं. कशाचा बरं?

तिला आठवेना. बाहेर ऊन अंगणातून उठलं आणि भिंतीवर जाऊन बसलं.

भिंतीच्या कडेकडेनं, तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली मिस्त्रीकाकांच्या शेडमध्ये. शेड अंगणातच होती.

आज खंडेनवमी होती. आज अवजारांची पूजा. आज अवजारांना सुट्टी. पाटावर पाना बसला होता. शेजारी पकड बसली होती. शेजारी हातोडी बसली होती. सगळ्यांना हळदकुंकू. सगळ्यांना एकेक झेंडू.

"पान्या, पान्या, ऊठ ना.
चाकाचा चिकटा सुटेना,
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

पाना म्हणाला, "हळू बोल. मी आज देव आहे. वर्षभर हात काळे करतो, आज एक दिवस बसतोय. मी नाही उठणार. आधी मिस्त्रीकाका हलू देत, मला नमस्कार करू देत, मग मी उठतो."

मिस्त्रीकाका शेडच्या दारातच होते. स्टुलावर. आज त्यांचा शर्ट पांढरा होता. पांढरा शर्ट मळेल म्हणून ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

तुरु तुरु तुरु.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, हला ना.
पाना उठेना,
चाकाचा चिकटा सुटेना,
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

मिस्त्रीकाका म्हणाले, "मी नाही हलणार. नैवेद्य झाल्याशिवाय पूजा उचलायची नसते. आधी आजी नैवेद्य दाखवू देत, मग मी हलतो."

चिचुंद्री वळली.

"आणि ते बेअरिंगच आहे," मिस्त्रीकाका म्हणाले. "सांगून ठेवतो."

ऊन भिंतीवरून उठलं आणि कौलांवर जाऊन बसलं. कौलांवर बोका होता. त्यानं एक डोळा उघडला.

भिंतीच्या कडेकडेनं, तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली आजीकडे. आजी स्वयंपाकघरात होती. ताट तयार होतं. पुरण होतं, वरण होतं, भात होता. वर तुळशीचं पान होतं.

"आजी, आजी, नैवेद्य दाखवा ना.
मिस्त्री हलेनात,
पाना उठेना,
चाकाचा चिकटा सुटेना,
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

आजी म्हणाली, "इथेही आलीस का कुईकुई करत? मी नाही दाखवणार. नैवेद्याला ओलं खोबरं लागतं. आधी नारळ फुटू दे, मग मी नैवेद्य दाखवते."

"फोडला नाही का अजून?" चिचुंद्रीनं विचारलं. हळूच.

"तात्यानं तीनदा आपटला," आजी म्हणाली. "पायरीची कपची निघाली. नारळ आहे तसा आहे."

नारळ पायरीखाली पडला होता. शेंडी वर करून.

तुरु तुरु तुरु.

"नारळा, नारळा, फूट ना.
आजी नैवेद्य दाखवेनात,
मिस्त्री हलेनात,
पाना उठेना,
चाकाचा चिकटा सुटेना,
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

नारळ म्हणाला, "मी नाही फुटणार. मुळीच नाही. घटस्थापनेला माझा भाऊ फुटला. गाडी नवी घरी आली म्हणून. चांगला ठक्कन फुटला बिचारा. आणि त्याचं पाणी आजीनं कुठे ओतलं?"

"कुठे?" चिचुंद्रीनं विचारलं.

"झाकण उघडून इंजिनात. म्हणाली, चाकांना घातलं, इंजिनाला का नको? त्या छोट्या चाकावर ओतलं. गोड गोड पाणी, गेलं गाडीच्या पोटात."

चिचुंद्रीचं नाक हललं. हुं हुं. तोच वास. चाकावरचा वास. आणि तिच्या लग्नाच्या दिवशी अंगणभर होता, तोही हाच वास.

"आजी भाविक आहे, मी काही म्हणत नाही," नारळ म्हणाला. "पण मला इंजिनात जायचं नाही. आधी खाली वाटी येऊ दे, मग मी फुटतो."

ऊन कौलांवरून उठलं आणि शेवग्याच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आता ऊन एवढंसंच उरलं. बोक्यानं दुसरा डोळा उघडला.

भिंतीच्या कडेकडेनं, तुरुतुरुतुरुतुरु. चिचुंद्री गेली नळापाशी. तिथे एक वाटी उपडी पडली होती.

चिचुंद्रीला दम लागला होता. तिनं दम घेतला. मग म्हणाली,

"वाटी, वाटी, येतेस का?
नारळ फुटेना,
आजी नैवेद्य दाखवेनात,
मिस्त्री हलेनात,
पाना उठेना,
चाकाचा चिकटा सुटेना,
पट्टा थांबेना,
गाडी गप्प बसेना,
तात्या ऐकेनात,
वीट सरकेना,
आणि माझं दार काही उघडेना."

वाटी म्हणाली, "येते की."

चिचुंद्री तशीच उभी राहिली. पुढचं ऐकायला.

"आधी काय?" तिनं विचारलं.

"आधी काही नाही," वाटी म्हणाली. "मला कुणी बोलावलंच नव्हतं. चल."

चिचुंद्रीनं नाकानं वाटी सुलटी केली. टण्ण. डोक्यानं ढकलली. सर्रर्र, सर्रर्र, सर्रर्र. पायरीखाली नेली.

तात्या म्हणाले, "ही वाटी इथे कुणी आणली?" पण त्यांनी नारळ उचलला. चौथ्यांदा आपटला.

ठक्क.

नारळ फुटला. पाणी वाटीत पडलं. डुबुक डुबुक डुबुक.

आजीनं खोबरं खवलं. खर्र खर्र खर्र. आजीनं नैवेद्य दाखवला. किण किण किण.

मिस्त्रीकाका हलले. त्यांनी बाह्या वर केल्या. नमस्कार केला.

पाना उठला. त्याचा झेंडू खाली पडला. पान्यानं पट्टा सैल केला. कर्र कर्र कर्र.

मिस्त्रीकाकांनी फडकं ओलं केलं. छोटं चाक पुसलं. पुन्हा पुसलं. चाकाचा चिकटा सुटला. फडकं काळं झालं, चिकट झालं. मिस्त्रीकाकांनी फडक्याचा वास घेतला.

"काय सांडलं हो इथे?" त्यांनी विचारलं.

आजीनं वर आभाळाकडे पाहिलं. वर काही नव्हतं.

पट्टा पुन्हा ताणून बसवला. तात्या गाडीत बसले. सगळे उभे राहिले. तात्यांनी किल्ली फिरवली.

घुर्रर्र.

सगळे थांबले.

घुर्रर्र.

अजून थोडे थांबले.

घुर्रर्र. आणि काही नाही. पट्टा घसरायचा थांबला होता. गाडी गप्प बसली होती.

"ऑइल आता कुठे मुरलं," तात्या म्हणाले.

"बेअरिंग मी ठोकलं होतं ना," मिस्त्रीकाका म्हणाले.

"वीट ठेवली म्हणून," आजी म्हणाली. "दार बंद झालं आणि ती गप्प झाली. मी म्हटलं नव्हतं?"

चिचुंद्री बादलीमागे होती. तिनं तिघांकडे पाहिलं. एकेकाकडे पाहिलं.

तात्या शब्दाचे पक्के होते. ते भिंतीपाशी आले. वीट सरकली. घर्रर्र.

चिचुंद्रीचं दार उघडलं.

आतून तिचा नवरा बाहेर आला. त्यानं मोठी जांभई दिली. आऽऽऽ.

"काय गं," तो म्हणाला, "कसला आवाज झाला का?"

चिचुंद्रीनं त्याच्याकडेही पाहिलं. त्याला नंतर सांगता येईल.

घरात दिवा लागला. बोका उठला. कौलावर त्याचा पाय वाजला. कुट्ट. दुसरा पाय वाजला. कुट्ट.

नवरा पटकन आत पळाला. चिचुंद्री दारात आली. एक पाय आत ठेवला. गादी मऊ होती. गादी ऊबदार होती.

तेवढ्यात आजीनं वाटी उचलली. नारळाच्या पाण्याची वाटी. गाडीपाशी नेली.

"बरी झाली गं माझी बाई," आजी गाडीला म्हणाली. "घे. तुझ्या इंजिनाला दोन घोट."

झाकण उघडंच होतं. आजीनं वाटी वर उचलली. वाटी कलली. थोडी कलली. आणखी कलली.

तात्यांनी हात जोडले. मिस्त्रीकाकांनी हात जोडले. गाडी काही बोलली नाही. पट्टा काही बोलला नाही. छोट्या चाकानं डोळे मिटून घेतले. नारळ बोलला असता, पण तो फुटला होता.

चिचुंद्रीनं आतला पाय बाहेर काढला.

ती अंगणाच्या मधोमध आली. भिंतीच्या कडेनं नाही, मधोमध. लांब नाक वर केलं. आणि मोठ्यानं बोलली. इतक्या मोठ्यानं, की बोका कौलावरच थबकला आणि आजीच्या हातातली वाटी कलायची थांबली.

चिचुंद्री म्हणाली,

"आजी, इंजिनात नको. मागच्या वेळी तुम्हीच ओतलंत, म्हणून आठ दिवस कुईकुई झाली. मी तर आल्यापासून मोठ्यानं बोललेच नव्हते. ती वाटी इकडे द्या, मला तहान लागली आहे."